विश्लेषण : माइनक्राफ्टमधल्या ‘घड्याळा’चा जॉर्ज बूल यांच्याशी संबंध काय?

मासेमारी करून रात्री रेवदंड्याला परतणाऱ्या होड्यांना खाडीपलीकडच्या कोर्लईच्या दीपगृहाचा प्रकाश ठरावीक अंतराने दिसतो. लागला, गेला, पुन्हा लागला. माइनक्राफ्ट गेममध्ये मुले ‘रेडस्टोन’चे ठोकळे जोडून अशीच उघडझाप घडवतात. त्या मंडलाला ‘क्लॉक’ म्हणतात. त्यामागचे गणित मांडणाऱ्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती.

कोण होते जॉर्ज बूल?

इंग्लंडमधील लिंकन येथे २ नोव्हेंबर १८१५ रोजी जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांना दुर्बिणी बनवण्याचा नाद होता, धंदा मात्र बसला. घर चालवण्यासाठी जॉर्ज सोळाव्या वर्षी शिक्षक झाले. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली. उच्च गणित ते पुस्तकांवरून स्वतःच शिकले. १८४४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे पदक मिळाले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नी मेरी या भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी.

त्यांनी नेमके काय केले?

१८४७ आणि १८५४ मधील दोन ग्रंथांत त्यांनी तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप दिले. खरे म्हणजे १, खोटे म्हणजे ०. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचीही आकडेमोड करता येऊ लागली.

मग घड्याळ कसे चालते?

रेडस्टोनची मशाल म्हणजे ‘नाही’. ती ज्या ठोकळ्यावर बसवली आहे, त्याला प्रवाह मिळाला की ती विझते. तिचाच प्रवाह फिरवून त्या ठोकळ्याला दिला तर? पेटली की विझायला हवी, विझली की पेटायला हवी. बूल यांच्या बीजगणितात याला उत्तर नाही, कारण त्यात काळच नाही. गेममध्ये मात्र मशाल बदलायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. त्या विलंबामुळे विसंगतीचेच ठोके होतात.

एकाच मशालीला सतत इतक्या वेगाने पळवले तर ती ‘जळून’ थांबते. म्हणून पाच मशालींची साखळी करतात. तिचा एक फेरा साधारण एका सेकंदाचा. संख्या विषमच लागते, सम असेल तर मंडल एका स्थितीत अडकते. याहून वेग हवा असेल तर दोन ‘ऑब्झर्व्हर’ ठोकळे समोरासमोर ठेवतात. एकातला बदल दुसरा टिपतो आणि सेकंदाला पाच ठोके पडतात.

बूल यांना याचा उपयोग पाहता आला का?

नाही. १८६४ मध्ये ते पावसात भिजत सुमारे तीन मैल चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांतच शिकवले. त्या आजारपणातून ते उठले नाहीत. ८ डिसेंबरला, वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि पाच लहान मुली होत्या.

त्यानंतर ७३ वर्षांनी, १९३७ मध्ये, क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले, की विजेच्या स्विचची मंडले याच गणिताने मांडता येतात. संगणकाचा पाया तिथे पडला. हा मजकूर वाचत असलेल्या फोनचा प्रोसेसरही त्याच ० आणि १ वर, सेकंदाला अब्जावधी ठोक्यांच्या तालावर चालतो.