मुंग्यांच्या घराला काच बसविणारा बँकर

खेळण्यांच्या दुकानात मिळणारे मुंग्यांचे काचघर हे विसाव्या शतकातील अमेरिकेचे अपत्य. डार्टमथ येथे अध्यापन केलेल्या फ्रँक ऑस्टिन यांना त्याचे पेटंट १९३१ मध्ये मिळाले आणि १९५६ पासून मिल्टन लेव्हिन यांनी प्लॅस्टिकच्या पेटीतून ते घरोघरी पोहोचविले. मात्र, मुंग्यांचा संसार काचेआडून वर्षानुवर्षे न्याहाळण्याचा वस्तुपाठ त्याच्या कितीतरी आधी लंडनमधील एका बँकरने घालून दिला होता. त्यांचे नाव सर जॉन लबक.

लबक यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ चा. वडील बँकेचे मालक आणि खगोल व गणिताचे व्यासंगी. केंट परगण्यातील डाऊन या खेड्याजवळ त्यांची मोठी इस्टेट होती. १८४२ मध्ये एके दिवशी वडिलांनी आनंदाची बातमी आणल्याचे सांगितले, तेव्हा आपल्याला तट्टू मिळणार, असे छोट्या जॉनला वाटले. प्रत्यक्षात बातमी होती ती चार्ल्स डार्विन शेजारी राहायला येणार असल्याची. जॉन हिरमुसला, पण पुढे हाच शेजारी त्याचा गुरू ठरला. मुलाला सूक्ष्मदर्शक घेऊन देण्याची गळ वडिलांना डार्विन यांनीच घातली.

ईटनमधील शिक्षण अर्धवट सोडून लबक यांना कोवळ्या वयातच बँकेत बसावे लागले. विद्यापीठाची पायरी ते कधी चढले नाहीत. तरीही १८५८ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. अश्मयुगाचे पुराश्मयुग आणि नवाश्मयुग असे दोन भाग करणाऱ्या संज्ञा त्यांनीच १८६५ मधील आपल्या ग्रंथात रूढ केल्या.

१८७० मध्ये ते उदारमतवादी पक्षातर्फे मेडस्टनमधून संसदेवर निवडून गेले. बँकेतील कारकुनांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. बँक ऑफ इंग्लंडमध्ये एके काळी वर्षाला सुमारे ३३ सुट्या असत. लबक यांच्या जन्माच्याच वर्षी त्या अवघ्या चारवर आणण्यात आल्या होत्या. १८७१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘बँक हॉलिडे’चा कायदा झाला आणि हक्काच्या सुट्यांची भर पडली. कायदा बँकांसाठी असला, तरी त्या दिवशी इतर व्यवहारही थंडावू लागले. कृतज्ञ लोकांनी या सुटीला गमतीने ‘सेंट लबक’चा दिवस म्हणायला सुरुवात केली.

बँक आणि संसद सांभाळून उरलेला वेळ त्यांनी मुंग्यांना दिला. काचेच्या दोन तावदानांमध्ये मुंगीच्या उंचीहून किंचित अधिक अंतर ठेवून ते बारीक माती भरत. माती इतकी पातळ पसरलेली असल्याने मुंग्यांना लपायला जागा उरत नसे. एरवी वर झाकण घालून अंधार केला जाई. मुंग्यांनी पळू नये म्हणून भोवती पाण्याचा खंदक असे. एकेक मुंगी ओळखता यावी यासाठी तिच्या अंगावर रंगाचा ठिपका दिला जाई.

या काचघरांनी अनेक समजुतींना धक्का दिला. एका वारुळातील मुंग्या परस्परांना एखाद्या खुणेने ओळखतात, असे तेव्हा काहींना वाटे. लबक यांनी काही मुंग्यांना दारूने बेशुद्ध केले. शुद्धीत नसलेली मुंगी खूण कशी देणार? तरीही बहुतेक स्वकीयांना उचलून घरट्यात नेण्यात आले आणि बहुतेक परक्यांना खंदकात टाकण्यात आले. वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे आपल्याला काहीच दिसत नाही. पण तेथे ठेवलेले कोष मुंग्यांनी उचलून दुसरीकडे हलविले. अतिनील किरणांची जाणीव मुंग्यांना होते, हे अशा प्रकारे सिद्ध झाले.

मात्र, त्यांनी मुंग्यांचे देव्हारे माजविले नाहीत. अन्नापर्यंत पोहोचायला किंचित अंतर उरले असताना जवळची माती सरकवून वाट करण्याचे मुंग्यांना सुचले नाही, हेही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे नोंदविले. हे सारे त्यांच्या १८८२ मधील मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरील ग्रंथात आले.

त्यांच्या चिकाटीची साक्ष देते ती एक राणी मुंगी. डिसेंबर १८७४ मध्ये पकडलेली ही राणी १८८८ पर्यंत त्यांच्या देखरेखीखाली जगली. कीटकाचे आयुष्य एवढे दीर्घ असू शकते, हे त्यामुळे उघड झाले. टपालाने खेळण्यासोबत येणाऱ्या मुंग्यांत राणी नसते. त्यामुळे काही महिन्यांतच ती वसाहत संपते. पिढ्यानुपिढ्यांचा संसार पाहायचा, तर राणी हवी आणि पाहणाऱ्याकडे सवड हवी.

१८८२ मध्येच डार्विन यांचे निधन झाले. त्यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबेत व्हावे यासाठी लबक यांनी खटपट केली आणि शवपेटीला खांदाही दिला. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा त्यांनी याच वर्षी संमत करून घेतला. एव्हबरी येथील प्रागैतिहासिक शिलावर्तुळाच्या जागेवर घरे उभी राहू नयेत म्हणून तेथील जमीन त्यांनी आधीच पदरमोड करून विकत घेतली होती. १९०० मध्ये उमरावपद मिळाले, तेव्हा त्यांनी त्याच गावाचे नाव धारण केले.

२८ मे १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, काचघर घरोघरी नेणारे लेव्हिन त्याच वर्षी जन्मले. अविश्रांत कष्टांसाठी वाखाणल्या जाणाऱ्या जिवाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने राबणाऱ्या माणसांसाठी मात्र विश्रांतीचा दिवस मागितला आणि तो मिळवूनही दिला.