स्वामी कुवलयानंद

बडोदे शहरात एक जुना आखाडा होता. त्याचे नाव जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे नामवंत मुसलमान उस्ताद होते. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव उस्तादांच्याच नावाने हा आखाडा चालवत. १९०७ साली तेथे एक तरुण व्यायाम शिकण्यास आला. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. हाच तरुण पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाला.

जगन्नाथचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. त्याचे बालपण गरिबीत गेले. पण तो अभ्यासात हुशार होता. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला संस्कृतची शिष्यवृत्ती मिळाली. माणिकरावांकडे त्याने सुमारे तीन वर्षे देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकराव अनेक मुलांना रांगेत उभे करून, देशी भाषेतील हुकमांवर एकदम व्यायाम करून घेत. ही पद्धत जगन्नाथच्या मनात कायमची ठसली.

पुढे गुणे खानदेशात अमळनेर येथे शिक्षक झाले. देश गुलामगिरीत होता. शरीराने बळकट आणि मनाने निर्भय असे तरुण तयार करावेत, अशी त्यांची इच्छा होती.

१९१९ साली त्यांच्या जीवनाला वळण मिळाले. नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत होते. त्यांच्याजवळ गुणे योग शिकले. आखाड्यात ताकद आणि चपळाई कमावली होती. येथे श्वासावर व मनावर ताबा कसा मिळवावा, हे त्यांना समजले.

परंतु त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. योगाने फायदा होतो हे खरे. पण शरीराच्या आत नेमके काय घडते? हे शोधायचे तर यंत्रांनी तपासणी करायला हवी. त्यात धोका होता. तपासणीत काहीच दिसले नाही तर? आपल्या गुरूची विद्या खोटी आहे, असे लोक म्हणाले असते. तरीही ते मागे हटले नाहीत.

बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी प्रयोग सुरू केले. नौली या क्रियेत पोटाचे स्नायू मध्यभागी आणून फिरवतात. ही क्रिया चालू असताना त्यांनी क्ष-किरणांनी चित्रे घेतली व मोठ्या आतड्यातील दाब मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी भरला. म्हणजे आत अंशतः पोकळी तयार होत होती. या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले.

१९२४ साली दसऱ्याच्या सुमारास त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. प्रयोगात जे आढळेल ते त्यात छापले जाई, मग ते लोकांना आवडो की न आवडो. प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, अशी अनेकांची समजूत होती. प्रयोगात तसे आढळले नाही. कुवलयानंदांनी ते लपवले नाही. प्राणायामाचा उपयोग आहे, पण त्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे, असे त्यांनी मांडले.

त्यांची शिकवण्याची रीतही बदलत गेली. पूर्वी योग गुरूजवळ राहून एकेकट्याने शिकावा लागे. कुवलयानंदांनी तो शाळेच्या मैदानावर आणला. मुलांना एकत्र करता येतील अशी सोपी आसने त्यांनी निवडली आणि १९३६ साली 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक लिहिले. माणिकरावांच्या आखाड्यातील शिस्त येथे कामी आली. आजारी माणसाची गोष्ट मात्र वेगळी होती. सर्वांना एकच व्यायाम चालत नाही. म्हणून रोग्यांची प्रकृती पाहून योग शिकवण्याची सोय लोणावळ्यास व मुंबईस करण्यात आली.

एकटा शिक्षक किती जणांना शिकवणार? म्हणून १९५१ साली लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय सुरू झाले. तेथे योगशिक्षक तयार होऊ लागले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. त्यांची संस्था आजही चालू आहे.

२०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. नातेपुते असो की नागपूर, मुले मैदानावर रांगेत बसून आसने करतात. या रांगेमागे कुवलयानंदांचे कष्ट आहेत. गुरूवर श्रद्धा असूनही त्यांनी प्रश्न विचारला आणि जे उत्तर मिळाले ते प्रामाणिकपणे सांगितले.

शब्दार्थ
नामवंत – प्रसिद्ध, मशहूर
ठसणे – मनात पक्के बसणे
स्नायू – शरीराची हालचाल करणारे मांसल भाग
त्रैमासिक – तीन महिन्यांनी निघणारे नियतकालिक
प्रकृती – तब्येत

स्वाध्याय
१. माणिकराव मुलांना व्यायाम कसा शिकवत?
२. प्रयोग करण्यात कोणता धोका होता?
३. प्राणायामाविषयी लोकांची समजूत काय होती? प्रयोगात काय आढळले?
४. शाळेतील मुले व आजारी माणसे यांना शिकवण्यात कुवलयानंदांनी कोणता फरक केला?
५. वाक्यात उपयोग करा : मागे न हटणे, कामी येणे.