बेटांवरचा विद्यार्थी : चार्ल्स डार्विन

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात पहिले पुस्तक आले ते माझ्या दप्तरातून. वडील मेंढरे राखतात. त्यांना सही करता येते, वाचता येत नाही. मात्र अंधारात नुसते कोकरू ओरडले तरी ते कोणत्या मेंढीचे आहे हे ते बसल्या जागेवरून सांगतात. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटत नसे. कॉलेजात आल्यावर तर, खरे सांगायचे म्हणजे, वडील काय करतात असे कोणी विचारले की मी विषय बदलत असे. ही माझी लाज एका परक्या देशातील माणसाने घालवली. तो जाऊन आता एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ग्रंथालयात त्याचे चरित्र सहज चाळायला घेतले आणि तीन दिवस ते हातातून सुटले नाही. त्या माणसाचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन नामांकित डॉक्टर होते. घरी पैशाला तोटा नव्हता. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई वारली. शाळेत जुन्या भाषांच्या पाठांतरावर सारा भर, आणि या मुलाचे लक्ष दगड, शिंपले व किडे गोळा करण्याकडे. पुढे बंदूक हाती आली आणि शिकारीचा नाद लागला. हा पोरगा घराण्याचे नाव घालवणार, अशी धास्ती वडिलांना वाटू लागली.

१८२५ साली त्याला डॉक्टर करण्यासाठी एडिंबरोला पाठवले. त्या वेळी गुंगीचे औषध निघालेले नव्हते; रोग्याला धरून ठेवून शस्त्रक्रिया करीत. एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया पाहताना डार्विनला ते सहन झाले नाही आणि तो खोलीबाहेर पळाला. डॉक्टरकी तिथेच संपली. परंतु एडिंबरोत तो एक गोष्ट शिकला, ती कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती. दक्षिण अमेरिकेतील गयानातून आलेला, गुलामगिरीतून मुक्त झालेला जॉन एडमन्स्टन नावाचा कृष्णवर्णीय गृहस्थ तेथे राहत असे. मेलेल्या पक्ष्याचे कातडे काढून, त्यात भुसा भरून, तो टिकवून कसा ठेवावा याची विद्या त्याला अवगत होती. डार्विनने फी भरून त्याच्याकडे शिकवणी लावली. एका श्रीमंत डॉक्टरचा मुलगा कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसासमोर शिष्य म्हणून बसला, हे मला त्याच्या पुढील साऱ्या मानसन्मानांपेक्षा मोठे वाटते.

नंतर धर्मोपदेशक व्हावे म्हणून वडिलांनी त्याला केंब्रिजला घातले. तेथे भुंगेरे गोळा करण्याचा छंद शिगेला पोहोचला. एकदा दोन्ही हातांत एकेक दुर्मिळ भुंगेरा असताना तिसरा दिसला. तो सुटू नये म्हणून स्वारीने हातातला एक चक्क तोंडात धरला! त्या किड्याने जिभेवर असा जहाल रस सोडला की तो थुंकावा लागला, आणि तिसराही हातचा गेला. मात्र याच केंब्रिजमध्ये त्याला हेन्स्लो हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक भेटले. त्यांच्याबरोबर तो इतक्या वेळा फिरायला जाई की लोक त्याला त्यांच्या नावानेच ओळखू लागले. एक चांगला शिक्षक विद्यार्थ्याचे काय करू शकतो ते येथे दिसते. १८३१ च्या ऑगस्टमध्ये पत्र आले, तेही हेन्स्लोंच्याच शिफारशीमुळे. 'बीगल' नावाचे सरकारी जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांची मोजणी करण्यास निघणार होते. कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांना सोबतीला एक सुशिक्षित, निसर्गाची आवड असणारा तरुण हवा होता.

वडिलांनी साफ नकार दिला. मात्र शहाणा म्हणावा असा एखादा माणूस या बेताला अनुकूल निघाला तर आपण परवानगी देऊ, एवढी फट त्यांनी ठेवली. डार्विनने वडिलांच्या हरकतींची यादी करून ती मामा जोसाया वेजवुड यांच्यापुढे ठेवली. मामांनी एकेका हरकतीला उत्तर दिले आणि वडील नमले. तरी कप्तानसाहेब अडलेच. माणसाच्या नाकावरून स्वभाव कळतो अशी त्यांची समजूत, आणि डार्विनचे नाक त्यांना खंबीर वाटेना! अखेर हेही विघ्न टळले आणि २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगलने इंग्लंडचा किनारा सोडला. डार्विनचे वय तेव्हा बावीस, कप्तानांचे सव्वीस.

जहाज अवघे नव्वद फूट लांब, आणि त्यात सत्तरांहून अधिक माणसे. नकाशाच्या टेबलावर झोळी टांगून डार्विन झोपे. समुद्र लागण्याचा त्रास त्याला पहिल्या दिवसापासून जडला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. दोन वर्षांचा म्हणून ठरलेला प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला. वाटेत अर्जेंटिनात त्याने नामशेष झालेल्या अजस्र प्राण्यांची हाडे उकरून काढली. ब्राझीलमध्ये गुलामांचे हाल पाहून तो कळवळला आणि या प्रश्नावरून कप्तानांशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले. फेब्रुवारी १८३५ मध्ये चिलीतील भूकंपाने किनाऱ्याची जमीन काही फूट वर उचलली गेली, तेही त्याने पाहिले. जमीन स्थिर नाही, ती बदलते, ही गोष्ट ग्रंथातून वाचलेली होती. आता ती डोळ्यांना दिसली.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या मध्याला बीगल गालापागोस बेटांशी पोहोचली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर पश्चिमेस, ऐन विषुववृत्तावर, पॅसिफिक महासागरात ही बेटे आहेत. समुद्राच्या तळातून ज्वालामुखींनी वर फेकलेल्या लाव्ह्याची ती बनली आहेत. जहाज तेथे पाच आठवडे होते आणि डार्विन चार बेटांवर उतरला. पहिल्या दर्शनी त्याला ती मुळीच आवडली नाहीत. काळाकुट्ट खडबडीत लाव्हा, पाय भाजणारी वाळू, वाळलेली झुडपे! परंतु या उजाड जागी राहणारे जीव पाहून तो थक्क झाला. तेथील प्राण्यांना माणसाचे भयच नव्हते. एक ससाणा झाडावर बसला होता. डार्विनने बंदुकीच्या नळीने ढकलले तेव्हा कुठे तो हलला. समुद्रात पोहून शेवाळ खाणारे काळे सरडे, म्हणजे इग्वाना, खडकांवर ऊन खात पडलेले असत. त्यांतल्या एकाला त्याने शेपटीला धरून पुनःपुन्हा पाण्यात फेकले. प्रत्येक वेळी तो पोहत परत त्याच्याच पायाशी आला. प्रचंड कासवांच्या पाठीवर बसून त्याने स्वारी करून पाहिली, पण तोल काही सांभाळता येईना. ही कासवे डोंगरावरील झऱ्यांकडे पाण्यासाठी जात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या येण्याजाण्याने त्यांच्या रुंद वाटा पडल्या होत्या.

आता या कथेतील माझ्या आवडीचा प्रसंग. चार्ल्स नावाच्या बेटावर लॉसन नावाचे उपराज्यपाल होते. बोलता बोलता त्यांनी डार्विनला सांगितले की, कासव कोणत्या बेटावरचे आहे हे आपण नुसते पाहून ओळखू शकतो. बेटाबेटाला पाठीच्या ढालीचा आकार निराळा असे, आणि तेथे रोज वावरणाऱ्यांना तो परिचयाचा होता. केंब्रिजच्या पदवीधराने हे ऐकले आणि तेवढ्यावर सोडून दिले! इतक्या जवळजवळच्या, एकाच हवामानाच्या बेटांवर निरनिराळे प्राणी असतील हे त्याच्या मनातही येईना. बऱ्याच लहान पक्ष्यांवर त्याने बेटांची नावे न लिहिता ते एकत्र मिसळून टाकले. जहाजावर घेतलेली कासवे तर सर्वांनी मिळून खाल्ली आणि ढाली समुद्रात भिरकावल्या. पुराव्याची अशी मेजवानी झाली! आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत असते की, डार्विनने बेटांवर पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि त्याच क्षणी त्याला उत्क्रांतीचा साक्षात्कार झाला. तसे घडले नाही. फक्त मॉकिंगबर्ड नावाच्या पक्ष्यांच्या बाबतीत बेटागणिक फरक असल्याचे त्याला जाणवले होते आणि त्यांची नोंद त्याने नीट ठेवली होती.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी तो इंग्लंडला परतला. पुढील जानेवारीत पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी त्याचे पक्षी तपासले. ज्यांना डार्विन वेगवेगळ्या कुळांतील समजत होता, ते सारे एकाच गटातील फिंच पक्षी निघाले. कोणाची चोच जाड, कोणाची सुईसारखी. मॉकिंगबर्डच्या तीन स्वतंत्र जाती ठरल्या, आणि त्या वेगवेगळ्या बेटांवरच्या. आता डार्विनला आपली चूक उमगली. त्याने कप्तान फिट्झरॉय आणि स्वतःचा नोकर सिम्स कव्हिंग्टन यांच्याकडील पक्षी मागवले, कारण त्यांनी बेटांची नावे लिहून ठेवली होती. जे विद्वानाने केले नाही ते नोकराने केले होते. आणि ते मागून घेण्यात विद्वानाला कमीपणा वाटला नाही.

प्रश्न आता टोचू लागला. ही बेटे समुद्रातून उगवली, मग तेथील जीव आले कोठून? आफ्रिकेजवळची केप व्हर्ड बेटेही ज्वालामुखीचीच. तेथील जीव मात्र आफ्रिकेतील जीवांसारखे, आणि गालापागोसमधील दक्षिण अमेरिकेतील जीवांसारखे. म्हणजे मूळ जीव जवळच्या खंडातून येऊन पोहोचले असणार आणि बेटाबेटावर निराळे होत गेले असणार. पण निराळे कसे झाले? १८३८ साली माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचताना त्याला दुवा सापडला. जन्मतात फार, जगतात थोडे. ज्याच्या अंगी परिस्थितीला उपयोगी असा लहानसाही फरक असेल तो टिकण्याचा संभव अधिक, आणि तोच फरक संततीत उतरतो. यालाच त्याने पुढे नैसर्गिक निवड म्हटले.

त्याने लगेच ग्रंथ लिहिला नाही. १८३९ मध्ये मामेबहीण एमा हिच्याशी विवाह झाला; १८४२ पासून लंडनजवळच्या डाउन या खेड्यात तो राहिला. प्रकृती सदैव तोळामासा. एमा श्रद्धाळू होती आणि पतीच्या शंकांनी ती व्यथित होई. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. १८५१ मध्ये दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली, तो घाव कधी भरला नाही. खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या क्षुद्र प्राण्यांवर त्याने आठ वर्षे घालवली. आणि एक गोष्ट त्याने आयुष्यभर केली, ती म्हणजे विचारणे. कबुतरे पाळणाऱ्यांच्या मंडळात जाऊन तो साध्या माणसांत बसे आणि जोड कशी लावतात हे विचारी. माळी, शेतकरी, घोडे पाळणारे, सर्वांना पत्रे लिही. आपल्या कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ यांच्याकडूनही त्याने पत्राने पुष्कळ माहिती मिळवली. बेटावर लॉसनचे बोलणे कानाआड केले, त्याची जणू तो जन्मभर भरपाई करीत होता.

जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण संशोधकाचा लेख पूर्वेकडील बेटांवरून आला. त्यात तोच विचार होता! वीस वर्षांचे श्रम वाया जाणार असे डार्विनला वाटले. तरी तो लेख दडपण्याचे त्याच्या मनात आले नाही. मित्रांनी तोड काढली आणि १ जुलै रोजी दोघांचेही लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. डार्विन हजर नव्हता. तीनच दिवसांपूर्वी त्याचे धाकटे मूल गेले होते. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झाला. मोठे वादळ उठले. १८६० मधील ऑक्सफर्डच्या सभेत बायबल हाती घेऊन विरोध करणाऱ्यांत कप्तान फिट्झरॉयही होते. डार्विन मात्र घरी बसून काम करीत राहिला. शेवटचा ग्रंथ त्याने लिहिला तो गांडुळांवर. १९ एप्रिल १८८२ रोजी त्याचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

गालापागोसचे बहुतांश क्षेत्र १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आज देशोदेशीचे प्रवासी सुखसोयींनी युक्त अशा यॉटमधून बेटाबेटावर हिंडतात. सोबत परवानाधारक मार्गदर्शक असतो, पायवाट सोडता येत नाही आणि प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहावे लागते. शेपटीला धरून इग्वाना फेकणे तर दूरच! ही शिस्त उशिरा आली. चार्ल्स बेटावरील मूळ कासवे डार्विनच्या भेटीनंतर थोड्याच वर्षांत संपली. पिंटा बेटावरचे शेवटचे कासव, 'लोनसम जॉर्ज', २४ जून २०१२ रोजी मेले. त्याच्यासारखे दुसरे जगात उरले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा वाड्यावर वडिलांना प्रथमच विचारले की, एडका राखायचा तो कशावरून निवडता आणि कोकरे ओळखता कशी. त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग ते कानांविषयी, लोकरीविषयी, पायांविषयी आणि दुष्काळात कोणत्या मेंढीची जात तगली त्याविषयी बोलत राहिले. रात्र झाली तरी बोलणे संपेना. मी वही काढली आणि लिहून घेऊ लागलो. प्रत्येक नोंदीपुढे तारीख घातली, आणि मेंढरू कोणत्या कळपातले तेही लिहायला विसरलो नाही.