एत्येन-ज्यूल मारे

एत्येन-ज्यूल मारे (५ मार्च, १८३० – १५ मे, १९०४) हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ, वैद्य व संशोधक होते. उडत्या पक्ष्यांची क्रमवार छायाचित्रे घेऊन त्यांच्या पंखांच्या हालचालींचे मोजमाप करणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते. त्यांनी विकसित केलेल्या कालक्रम-छायाचित्रण (क्रोनोफोटोग्राफी) या तंत्राचा चलच्चित्रांच्या जन्मात मोठा वाटा आहे.

प्रारंभिक जीवन

मारे यांचा जन्म फ्रान्समधील बोन या गावी झाला. त्यांचा ओढा अभियांत्रिकीकडे होता. परंतु वडिलांच्या इच्छेमुळे १८४९ साली ते वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला गेले. यंत्रांची आवड मात्र कायम राहिली. १८६० साली त्यांनी नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर रेषेच्या रूपाने उमटवणारे उपकरण तयार केले. शरीरातील प्रत्येक हालचाल स्वतःच स्वतःची नोंद करील अशी यंत्रे बनवणे, हे यानंतर त्यांच्या कार्याचे सूत्र बनले. १८६९ साली कोलेज द फ्रान्स या संस्थेत त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली.

उड्डाणाचा अभ्यास

पक्ष्याचा पंख इतक्या वेगाने हलतो की डोळ्यांना त्याच्या मधल्या अवस्था दिसत नाहीत. मारे यांनी आरंभी पक्ष्यांच्या अंगावर हलकी साधने बांधून, रबरी नळ्यांतील हवेच्या दाबाद्वारे पंखांच्या हालचाली कागदावर उतरवल्या. या पद्धतीत पक्षी यंत्राला जखडलेला राही. त्यामुळे मुक्त उड्डाणाचे खरे रूप हाती येत नसे. हे संशोधन त्यांनी १८७३ साली प्राण्यांच्या चलनावरील ग्रंथात मांडले.

१८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी अमेरिकेत धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली. ती पाहून मारे यांनी पक्ष्यांचीही तशी छायाचित्रे मिळावीत अशी इच्छा व्यक्त केली. मायब्रिज १८८१ साली पॅरिसला आले. पण त्यांनी आणलेल्या पक्ष्यांच्या चित्रांत हालचालीचा सलग क्रम नव्हता. घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे मांडता येतात. पक्ष्याची वाट आधी ठरवता येत नाही. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याने पक्ष्याचा पाठलाग करणे आवश्यक ठरले.

छायाचित्रण बंदूक

शुक्राच्या १८७४ सालच्या अधिक्रमणासाठी खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी फिरत्या पट्टिकेचा कॅमेरा बनवला होता. त्याच कल्पनेवरून मारे यांनी १८८२ साली छायाचित्रण बंदूक तयार केली. तिच्या नळीत भिंग होते व मागील भागात फिरणारी काचेची पट्टिका. बंदूक खांद्याला लावून उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा व चाप ओढायचा. एका सेकंदात १२ चित्रे मिळत आणि प्रत्येक चित्राचा प्रकाशनकाल १/७२० सेकंद असे. चित्रे मात्र लहान असत व त्यांत बारकावे कमी दिसत.

शरीरक्रिया केंद्र

१८८२ साली पॅरिसच्या सीमेवर त्यांचे शरीरक्रिया केंद्र सुरू झाले. तेथे जॉर्ज देमनी हे त्यांचे प्रमुख साहाय्यक होते. काळ्या पार्श्वभूमीपुढून पांढरा पक्षी उडवून, खाचा असलेल्या फिरत्या चकतीमागील एकाच स्थिर पट्टिकेवर त्याच्या अनेक अवस्था घेतल्या जात. हालचाल संथ असेल तर प्रतिमा एकमेकींवर चढत. ही अडचण दूर करण्यासाठी मारे यांनी १८८८ साली सरकती कागदी फीत वापरली. बाजूने, वरून व समोरून घेतलेल्या चित्रांच्या आधारे त्यांनी उडत्या पक्ष्यांची शिल्पेही घडवली. पंख खाली येताना पुढेही सरकतो व वर जाताना काहीसा मिटतो, हे या चित्रांतून स्पष्ट झाले. पक्ष्यांच्या उड्डाणावरील त्यांचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला.

मतभेद व अखेरची वर्षे

मारे यांना हालचालीचे पृथक्करण हवे होते. डोळ्यांना दिसते तेच पडद्यावर पुन्हा दाखवणे त्यांना शास्त्रीयदृष्ट्या फारसे उपयोगी वाटत नसे. देमनी यांना या तंत्राचा व्यावसायिक उपयोग करायचा होता. या मतभेदातून १८९४ साली दोघांचे सहकार्य संपुष्टात आले. पुढच्याच वर्षी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये चलच्चित्रांचे सशुल्क प्रदर्शन केले. अखेरच्या काळात मारे यांनी धुराच्या झोतांच्या साहाय्याने हवेच्या प्रवाहाची छायाचित्रे घेतली. पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै, १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात दाखवण्यात आली. ती पाहून प्रेरित झालेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. उडत्या पक्ष्यांसाठी घडलेल्या तंत्राचा धागा अशा रीतीने महाराष्ट्रातील चित्रपटाच्या आरंभापर्यंत पोहोचतो. ठाणे खाडीवरून उडणारे रोहित किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी टिपताना आजचे छायाचित्रकार कॅमेऱ्यातील सलग चित्रे घेण्याची जी सोय वापरतात, तिचे मूळ तत्त्वही मारे यांच्या बंदुकीत आढळते.