कोरिऑलिस : टीओएमच्या पुस्तकाबाहेरचा

मेकॅनिकलच्या प्रत्येकाला कोरिऑलिस भेटतो तो टीओएमच्या पेपरमध्ये. फिरणाऱ्या लिंकवर स्लायडर सरकत असेल तर 'दोन ओमेगा व्ही' घ्यायला विसरायचं नाही, एवढीच त्याची ओळख. पण मित्रांनो, हा माणूस होता तरी कोण?

गास्पार-गुस्ताव्ह द कोरिऑलिसचा जन्म २१ मे १७९२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील सोळाव्या लुईच्या सैन्यात अधिकारी. त्याच वर्षी राजाची सत्ता गेली आणि कुटुंबाला पॅरिस सोडून नान्सीला जावं लागलं. गुस्ताव्ह तिथेच वाढला. १८०८ साली इकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत तो दुसरा आला आणि पुढे रस्ते व पुलांच्या सरकारी खात्यात इंजिनिअर झाला. पण तब्येत कायम तोळामासा. त्यात वडील वारले आणि घरची जबाबदारी अंगावर पडली. शेवटी १८१६ साली त्याने पॉलिटेक्निकमध्येच शिकवायला सुरुवात केली.

तो काळ पाणचक्क्यांचा आणि वाफेच्या यंत्रांचा. यंत्र नेमकं किती काम करतं, हे मोजायचं कसं? १८२९ च्या पुस्तकात त्याने 'वर्क' या शब्दाला आजचा अर्थ दिला : फोर्स गुणिले अंतर. कायनेटिक एनर्जीच्या सूत्रातला 'अर्धा' हाही त्याचाच! १८३५ साली त्याने चक्क बिलियर्डच्या खेळाचं गणित लिहिलं. त्याच वर्षी आला तो प्रसिद्ध पेपर. फिरणाऱ्या यंत्राच्या आत बसून हलत्या वस्तूकडे पाहिलं तर सेंट्रिफ्यूगल फोर्सशिवाय आणखी एक फोर्स मानावा लागतो, हे त्याने त्यात दाखवले.

त्याच्या डोक्यात होती यंत्रं, अंतराळ नव्हे. पण गंमत बघा. वजनरहित अवस्थेत महिनोन्महिने राहिलं की अंतराळवीरांची हाडं आणि स्नायू कमजोर होतात. त्यावर एक उपाय म्हणजे यान गोल फिरवायचं, मग बाहेरची भिंत हीच जमीन वाटते. त्रिज्या १० मीटर असेल, तर पृथ्वीइतकं वजन मिळायला मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतात. आता त्यातला माणूस शिडीवरून मध्याकडे चढू लागला की झाला आपला स्लायडर! सेकंदाला १ मीटर वेगाने चढला, तरी दोन ओमेगा व्ही गुरुत्वाच्या एक पंचमांश येतं, आणि तेही आडवं. नुसती मान वळवली तरी कानातल्या द्रवाचा गोंधळ होऊन गरगरतं. त्रिज्या २२४ मीटर केली तर २ फेऱ्या पुरतात आणि हा आडवा जोर जवळजवळ पाचपट कमी होतो. पण एवढं मोठं यान वर न्यायचं कसं? १९६६ साली जेमिनी-११ हे यान दुसऱ्या एका यानाला दोरीने बांधून फिरवलं होतं, तेव्हा मिळालेलं गुरुत्व अगदी नगण्य होतं. फिरत्या यानात पृथ्वीइतक्या वजनाने राहून आजवर कोणीही आलेलं नाही.

१८३६ साली कोरिऑलिस विज्ञान अकादमीचा सदस्य झाला, १८३८ साली पॉलिटेक्निकमध्ये अभ्यासक्रमाचा प्रमुख. शरीराने मात्र साथ दिली नाही. १९ सप्टेंबर १८४३ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी तो गेला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही नाव आहे.

आजारी शरीर, घरची ओढाताण आणि समोर साध्या पाणचक्क्या... एवढ्यावर त्याने जे गणित पूर्ण केलं, ते मंगळाच्या यानाची त्रिज्या ठरवणाऱ्यांना आजही टाळता येत नाही.