पदवीमागचा मित्र

१६ ऑक्टोबर १९५६ हा दिवस चंद्रपूरकर विसरूच शकत नाहीत. नागपूरनंतर दोनच दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या या शहरात येऊन बौद्ध धम्माची दीक्षा दिली. दरवर्षी १४ एप्रिलला आपण त्यांच्या पदव्या भाषणातून मोजून दाखवतो. परंतु त्या पदव्या मिळवताना त्यांच्या पाठीशी कोण उभे होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

१८९१ साली महू येथे जन्मलेले भीमराव १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना नवल भथेना नावाचा पारशी सोबती लाभला. मायदेशी ज्याला शिवायला माणसे तयार नव्हती, त्याच्याबरोबर हा तरुण एका खोलीत राहिला. ही मैत्री जन्मभर टिकली.

१९१५ मध्ये एम.ए. करून १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सामान ज्या जहाजातून येत होते ते महायुद्धात बुडाले. बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला घर मिळेना. एवढा शिकलेला माणूस गावात छप्पर शोधत हिंडत होता! पुढे १९१८ च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि पगारातून पै पै वाचवू लागले. घरी रमाबाई काटकसरीने संसार ओढीत होत्या.

१९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. गाठीला स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेनांनी कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. लंडनमध्ये ते दिवसभर ग्रंथालयात बसत, रात्री उशिरापर्यंत वाचत आणि अर्धपोटी राहत. अडचण आली की भथेनांना पत्र जाई. १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले. १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला, पण परीक्षकांनी तो सुधारून मागितला. पैसे संपल्यामुळे १९२३ मध्ये त्यांना मुंबईला यावे लागले. येथूनच प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर पदरात पडली ती १९२७ मध्ये.

बुद्धी आणि कष्ट बाबासाहेबांचेच होते, यात शंका नाही. पण बुद्धी असूनही माणूस फीच्या तारखेला अडतो, घरभाड्याला अडतो, नापसंत होऊन परत आलेल्या प्रबंधापाशी खचतो. अशा वेळी बरोबरीचा एक माणूस लागतो. बाबासाहेबांनी हे ओळखले असावे, असे मला वाटते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून त्यांनी मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. एका मित्राने आपल्याला दिले, ते त्यांनी हजारोंना दिले.

मित्रहो, मी आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच मुलगी. आईबाबा धानाच्या रोवणीला जातात आणि उन्हाळ्यात तेंदूपाने तोडतात. एम.ए.चा फॉर्म कसा भरावा किंवा पीएच.डी. म्हणजे काय, हे मी घरी कोणाला विचारू? आपल्यापैकी पुष्कळांचे असेच आहे. २०११ पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे, त्यामुळे दार जवळ आले. पण उंबऱ्यावर हात धरणारा हवाच.

म्हणून जे भाऊ आणि ताई आज संशोधन करीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक दुपार आम्हा धाकट्यांसाठी राखून ठेवा. अर्ज कसा लिहिला, मार्गदर्शक कसे शोधले, काम नापसंत झाले तेव्हा काय केले, एवढे सांगितले तरी पुरे. पाच हजार रुपये प्रत्येकाजवळ नसतील, पण शेजारी बसून वाट दाखवायला पैसे लागत नाहीत. आणि आम्हीही पुढच्यांसाठी तेच करू.

— द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी