विश्लेषण : १९०२ मधील फसलेला प्रयोग औषधनिर्मितीचा पाया कसा ठरला? कोण होते गॉटलिब हाबरलांट?

जळगावच्या शेतात लावले जाणारे टिश्यू कल्चरचे केळीचे रोप आणि कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध यांत वरकरणी काहीच साम्य दिसत नाही. मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे. वनस्पतीचा जिवंत भाग, अगदी एखादी पेशीसुद्धा, झाडापासून वेगळी काढून काचपात्रात वाढवता येते, ही ती कल्पना. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी ती १९०२ मध्ये मांडली आणि त्यासाठी प्रयोगही केले. त्या प्रयोगांत एकाही पेशीचे विभाजन झाले नाही. तरीही आज त्यांना वनस्पती ऊतिसंवर्धनाचे जनक मानले जाते. असे का, हे समजून घेऊ.

हाबरलांट यांची जडणघडण कशी झाली?

हाबरलांट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५४ रोजी उंगारिश-आल्टनबुर्ग येथे झाला. हे गाव आज हंगेरीत असून मोशोनमॉड्यारोवार या नावाने ओळखले जाते. वडील फ्रीड्रिश हे कृषिशास्त्राचे प्राध्यापक होते. व्हिएन्नातील १८७३ च्या जागतिक प्रदर्शनातून मिळालेले सोयाबीनचे बियाणे युरोपात रुजवण्याचे प्रयोग त्यांनी केले. पिके, बियाणे आणि प्रयोग यांच्या वातावरणात वाढलेल्या गॉटलिब यांनी १८७६ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. त्यानंतर ते जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे सिमॉन श्वेंडेनर यांच्याकडे शिकायला गेले. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ येथे त्यांनी सुमारे तीन दशके काम केले आणि १९१० मध्ये श्वेंडेनर यांचे उत्तराधिकारी म्हणून ते बर्लिनला आले.

ऊतिसंवर्धनापूर्वी ते कशासाठी ओळखले जात?

त्या काळी वनस्पतींच्या पेशींचे वर्गीकरण बव्हंशी त्यांच्या आकारावरून आणि उगमावरून होत असे. हाबरलांट यांनी ते कामावरून केले. ही पेशी झाडाला आधार देते का, पाणी वाहून नेते का, अन्न साठवते का, असे प्रश्न त्यांनी विचारले. रचना आणि कार्य यांची सांगड घालणारा त्यांचा ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या. ऊस, ज्वारी, मका यांच्या पानांत शिरांभोवती पेशींची जी कडी दिसते, तिला त्यांनी पुष्पचक्राचा अर्थ असलेला ‘क्रान्झ’ हा जर्मन शब्द वापरला. प्रखर उन्हात ही पिके इतकी कार्यक्षम का असतात, याचे रासायनिक उत्तर १९६० च्या दशकात मिळाले आणि त्यात हीच कडी महत्त्वाची ठरली.

१९०२ चा प्रयोग नेमका काय होता?

झाडातली प्रत्येक पेशी आपापल्या कामात बांधलेली असते. या बंधनातून तिला मोकळे केले तर तिच्यात मुळात कोणत्या क्षमता आहेत, हा हाबरलांट यांचा प्रश्न होता. त्यांनी लॅमियम या तणाच्या पानांतील हिरव्या पेशी, जलपर्णीच्या देठातील पेशी आणि ट्रेडस्कँशियाच्या पुंकेसरांवरील केस वेगळे काढले. क्षारांच्या द्रावणात साखर आणि काही नत्रयुक्त पदार्थ मिसळून त्यात ते ठेवले. पेशी काही आठवडे जगल्या. त्यांचा आकार वाढला, काहींत स्टार्चही तयार झाला. पण विभाजन झाले नाही.

व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत हे निष्कर्ष मांडताना त्यांनी अपयश झाकले नाही. उलट पुढची दिशा सांगितली. वाढीला चालना देणारे पदार्थ मिळाले तर विभाजन होईल, त्यासाठी बीजाभोवतीचा द्रव वापरून पाहावा आणि कधी तरी साध्या पेशीपासून कृत्रिम भ्रूणही तयार करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रयोग का फसला?

दोन कारणे होती. पहिले, त्यांनी निवडलेल्या पेशी पूर्ण वाढलेल्या, आपले काम ठरून गेलेल्या होत्या. दुसरे, वनस्पतींची वाढ-संप्रेरके तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हती.

यातील दुसऱ्या कारणापर्यंत हाबरलांट स्वतःच पोहोचले. बटाट्याच्या पातळ चकत्यांवर काम करताना त्यांना दिसले, की अन्नवाहक ऊतीचा तुकडा सोबत असेल तरच पेशींचे विभाजन होते. हे निष्कर्ष १९१३ मध्ये आले. पुढे कोहलराबीवर, म्हणजे आपल्या नवलकोलवर, त्यांनी कापलेला भाग पाण्याने धुऊन पाहिला. विभाजन कमी झाले. ठेचलेल्या पेशींचा रस लावल्यावर ते पुन्हा वाढले. जखमी पेशींतून विभाजनाचा संदेश देणारे रसायन बाहेर पडते, हा निष्कर्ष त्यांनी १९२१ मध्ये मांडला. कुलूप त्यांनी १९०२ मध्ये दाखवले होते आणि किल्लीचा मागही आता त्यांनाच लागला होता. दोन्ही जुळवण्याचे काम मात्र पुढच्या पिढीने केले.

त्यांचे म्हणणे खरे ठरले का?

त्यांचे विद्यार्थी वॉल्टर कोटे यांनी १९२२ मध्ये मुळांची टोके काचपात्रात वाढवली. १९३४ मध्ये अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोचे मूळ अखंड वाढते ठेवले. १९४१ मध्ये योहानेस व्हान ओव्हरबीक यांनी धोतऱ्याचे भ्रूण वाढवण्यासाठी नारळपाणी वापरले. नारळपाणी म्हणजे बीजाभोवतीचा द्रवच, ज्याची सूचना हाबरलांट यांनी चार दशकांपूर्वी केली होती. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी ऑक्सिन आणि सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर मूळ फुटणार की कोंब, हे ठरते असे दाखवले. १९५८ मध्ये गाजराच्या पेशींपासून भ्रूण तयार झाले आणि १९६५ मध्ये विमला वसिल आणि हिल्डेब्रँट यांनी तंबाखूच्या एकाच सुट्या पेशीपासून पूर्ण रोप वाढवले. तोपर्यंत हाबरलांट यांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

औषधांशी याचा संबंध काय?

पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल मिळते. साल काढली की झाड मरते. १९९२ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली आणि मागणी वाढली, तेव्हा जंगल किती तोडायचे, हा प्रश्न उभा राहिला. सुरुवातीला दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून मिळणाऱ्या रसायनापासून औषध बनवले गेले. नंतर यूच्या पेशी थेट मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडूनच औषध तयार करून घेण्यात आले. या बदलाला २००४ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. त्याआधी १९८३ मध्ये जपानमध्ये शिकोनिन हे लाल औषधी रंगद्रव्य पेशींच्या टाकीत बनू लागले होते. ज्या मुळांतून ते मिळते, ती तयार व्हायला काही वर्षे लागतात.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. सह्याद्रीतील नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. कर्करोगावरील काही औषधे त्यापासून बनतात आणि त्यासाठी या झाडाची तोड झाली आहे.

मग प्रत्येक औषध टाकीत का बनत नाही?

याचे उत्तर हाबरलांट यांच्याच १८८४ च्या ग्रंथात दडले आहे. अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन मिळते. एक ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. त्यासाठी लागणारे व्हिंडोलिन हे रसायन पानातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी टप्प्याटप्प्याने मिळून बनवतात. टाकीतल्या एकसारख्या पेशींच्या गोळ्याला ती कामाची वाटणी नसते. कृती प्रत्येक पेशीच्या जनुकांत लिहिलेली असते, पण ती वाचली जाण्यासाठी योग्य रचना लागते. रचना आणि कार्य वेगळे करता येत नाही, हे हाबरलांट यांचे पहिले सूत्र. प्रत्येक पेशीत पूर्ण झाडाची क्षमता आहे, हे दुसरे. औषधी वनस्पतींचे जैवतंत्रज्ञान आजही या दोन सूत्रांच्या मधली वाट शोधत आहे. २०२२ मध्ये संशोधकांनी सदाफुलीची जनुके यीस्टमध्ये घालून व्हिंडोलिन आणि त्याचे जोडीदार रसायन तयार केले, तोही याच शोधाचा भाग.

अखेरची वर्षे कशी गेली?

हाबरलांट १९२३ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे पुत्र लुडविग हे इन्सब्रुक येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. संप्रेरकांच्या साह्याने गर्भधारणा रोखता येईल, हे त्यांनी सशांवरील प्रयोगांतून १९१९ पासून दाखवले. त्यासाठी त्यांच्यावर कडवी टीका झाली. १९३२ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. वडील तेव्हा ७७ वर्षांचे होते. पुढे गर्भनिरोधक गोळीसाठी लागणारी संप्रेरके सुरुवातीला बनली ती मेक्सिकोतील रानटी कंदांतून मिळणाऱ्या डायोस्जेनिनपासून, म्हणजे पुन्हा एका वनस्पतीच्या रसायनापासून. वडिलांनी काचपात्रात जे शोधले आणि मुलाने प्रयोगशाळेत जे सिद्ध केले, त्या दोन्हींची फळे दोघांपैकी कोणीही पाहिली नाहीत. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत, ३० जानेवारी १९४५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी गॉटलिब हाबरलांट यांचे बर्लिनमध्ये निधन झाले.